वळणाचा रस्ता निवड

अगं, सायकल घेतलीस हे फार चांगलं केलंस. आता ती जिन्याखाली नुसती उभी राहायला नको, म्हणून मुद्दाम सविस्तर सांगायला बसले आहे. फोनवर तू फारसं बोलली नाहीस, पण मला तुझ्या आवाजावरून कळलं. मोटारी अंगावर येतील, चढ झेपणार नाही, वाट चुकेल, आडगावात पंक्चर झालं तर काय करायचं, आणि त्या चिमुकल्या गावांत आपण एकट्याच वेगळ्या दिसलो तर कसं वाटेल. यातली एकही भीती खुळी नाही. म्हणून एकेक घेऊन बोलू या. पण त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर, कारण बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. इंग्लंडच्या खेड्यांतून सायकल चालवताना किती लांब गेलो याला फार महत्त्व नसतं; कोणत्या रस्त्यानं गेलो याला असतं. दोन गावांमध्ये एक सरळ रस्ता आणि एक वळणावळणाचा रस्ता असेल, तर तू वळणाचा निवड. दरवेळी.

याला कारण आहे, आणि ते बरंच जुनं आहे. केंब्रिजमध्ये ऑलिव्हर रॅकहॅम नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. जंगलं, कुंपणं, शेतं, रस्ते यांचा इतिहास त्यांनी आयुष्यभर अभ्यासला आणि १९८६ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या सपाट, सुपीक भागाचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. एक आखलेला मुलूख आणि दुसरा प्राचीन मुलूख. आखलेला मुलूख अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला. पार्लमेंटनं एकामागून एक कायदे केले, गावोगावची सामाईक गायरानं आणि मोकळी शेतं वाटून टाकली, त्यांना कुंपणं घातली. मोजणीदारांनी कागदावर पट्टी ठेवून रस्ते आखले. ते अजूनही तसेच सरळ आहेत, दोन्ही बाजूंना रुंद गवताचे पट्टे आहेत. केंब्रिजशायरमध्ये असे रस्ते पुष्कळ दिसतील. त्या सरळ रेषांखाली कितीतरी गरीब घरांच्या गाई-मेंढ्यांचा चराईचा हक्क गेला, हेही लक्षात ठेव.

प्राचीन मुलखात हे घडलं नाही. तिथली शेतं फार आधीपासून लहान, वेड्यावाकड्या आकारांची होती. रस्ते त्यांना वळसे घालत गेले आणि पुढे कुणी ते सरळ केले नाहीत. दक्षिण सफोक आणि उत्तर एसेक्स हा असा मुलूख आहे, आणि तू कोल्चेस्टरला राहतेस, म्हणजे तो तुझ्या दारात आहे. दोन्ही बाजूंना झुडपांची उंच, जिवंत कुंपणं आणि मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. आपल्या आजोळच्या पाणंदीवर डांबर घातलं तर कसं दिसेल, तसे हे रस्ते. अशा रस्त्यावर मोटारवाल्याला वळणापलीकडचं दिसत नाही, म्हणून तो वेग कमी करतो. लांब जाणारे ट्रक इकडे फिरकत नाहीत, कारण त्यांचा वेळ वाया जातो. कुंपणांमुळे वाऱ्याला आडोसा मिळतो. सरळ रस्त्यावर याच्या नेमकं उलट. म्हणजे नवख्या सायकलवालीला जे जे हवं, ते त्या न सुधारलेल्या रस्त्यांनी तुझ्यासाठी राखून ठेवलं आहे.

आता हे रस्ते शोधायचे कसे. मोबाइलवर विसंबू नकोस. फोनला वाट दाखवायला सांगितलं तर तो लवकर पोहोचवायला बघतो, आणि शिवाय खेड्यांमध्ये सिग्नल जातो. ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा घे. गुलाबी मुखपृष्ठाच्या ‘लँडरेंजर’ मालिकेत एका सेंटीमीटरला अर्धा किलोमीटर असं प्रमाण असतं; सायकलला तेवढं पुरतं. सडबरी आणि लॅव्हनमचा भाग १५५ क्रमांकाच्या नकाशात येतो. त्यात मोठे रस्ते ठळक रंगांत असतात आणि गावरस्ते पिवळे. तू पिवळ्यावरून पिवळ्यावर जायचं. रस्त्यावर छोटा बाण काढलेला असेल तर तिथे तीव्र चढ आहे. एक बाण म्हणजे सातास एक ते पाचास एक, आणि दोन बाण म्हणजे त्याहूनही उभा. बाणाचं टोक उताराच्या दिशेनं असतं. आदल्या रात्री चहाचा कप घेऊन नकाशा जमिनीवर पसर आणि वाटेतल्या गावांची नावं एका चिठ्ठीवर ओळीनं लिही. इथल्या फाट्या-फाट्यावर हातासारख्या पाट्या असतात, त्यांवर पुढच्या गावाचं नाव आणि मैल लिहिलेले असतात. चिठ्ठीतलं नाव पाटीवर दिसलं की वळायचं. चुकलीस तरी पुढच्या फाट्यावर पुन्हा पाटी आहेच.

पहिल्यांदा फार लांब जाऊ नकोस. मार्क्स टेला गाडी बदल आणि सडबरीची छोटी गाडी पकड. वाटेत चॅपलच्या दरीवरून ३२ कमानींचा विटांचा पूल लागतो, १८४९ साली सुरू झालेला; खिडकीशी बस. सडबरीला उतरलीस की ए-१३४ रस्त्याकडे पाठ फिरव. तो गजबजलेला आहे, आणि लॅव्हनमला जायला त्याची गरजही नाही. ॲक्टन गावावरून पिवळ्या रस्त्यांनी लॅव्हनम गाठ. अंतर बारा किलोमीटरच्या आसपास. सफोक सपाट म्हणतात ते पूर्ण खरं नाही, जमीन सतत हलकीशी वर-खाली होत राहते. पण सगळ्या परगण्यातली सर्वांत उंच जागासुद्धा १२८ मीटरच आहे, हे ध्यानात ठेवलंस तर चढ दिसल्यावर पोटात गोळा येणार नाही.

लॅव्हनम गाव पंधराव्या-सोळाव्या शतकात लोकरीच्या निळ्या कापडावर श्रीमंत झालं. मग तो व्यापार दुसरीकडे गेला, पैसा आटला, आणि जुनी घरं पाडून नवी बांधायची ऐपत कुणाची राहिली नाही. म्हणून ती लाकडी चौकटींची, एका अंगाला कललेली घरं अजून उभी आहेत. बाजारचौकातलं गिल्डहॉल आता नॅशनल ट्रस्टकडे आहे, ते आत जाऊन बघ. गावाच्या टोकाला टेकाडावरचं चर्च त्याच कापडाच्या पैशातून उभं राहिलं. तिथे बसून खा, पाणी पी आणि आल्या वाटेनं परत ये. पहिल्या दिवसाला एवढं पुष्कळ आहे.

पाय तयार झाले, की मग लॅव्हनमहून मागे न वळता पुढे जा. ब्रेंट ईली, मंक्स ईली आणि चेल्सवर्थ ही ब्रेट नदीच्या खोऱ्यातली गावं. गवतानं शाकारलेली घरं आणि सफोकचा तो फिकट गुलाबी रंग दिलेल्या भिंती इथे जागोजाग दिसतील. मधला काही रस्ता ए-११४१ आहे. नावात ‘ए’ असला तरी तो मोठ्या रस्त्यांइतका वाहता नाही. तरीही जिथे बाजूची पिवळी वाट सापडेल तिथे तीच घे. चेल्सवर्थला नदीवर दोन कमानींचा जुना पूल आहे, तिथे थांब. मग लिंझीवरून कर्झी. इथल्या लोकरी कापडाचं नाव एकेकाळी दूरदूर झालेलं होतं. गावाचा एकच मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंनी उतरत खाली येतो आणि तळाशी ओढा थेट रस्त्यावरून वाहतो. पूल नाही, मोटारी पाण्यातूनच जातात. तू मात्र सायकलवरून पाण्यात शिरू नकोस. अशा ठिकाणी तळाला शेवाळ धरतं आणि चाक कधी सरकतं ते कळत नाही. बाजूला पायी जाणाऱ्यांसाठी साकव आहे, त्यावरून सायकल हातात धरून जा. आणि पलीकडचा चढ सुरू व्हायच्या आत गिअर खाली आण. पाय अडल्यावर गिअर बदलायला गेलीस तर चेन करकरते आणि तू मध्येच थांबतेस. चढ चालत चढलीस तरी काहीही बिघडत नाही. वर चर्चपाशी पोहोचल्यावर सगळं गाव पायाखाली दिसतं.

कर्झीहून बॉक्सफर्ड आणि तिथून एडवर्डस्टनमार्गे सडबरी. सगळं मिळून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर होतं. इंग्लंडात वारा बहुतेक नैऋत्येकडून येतो, म्हणून या फेरीत जाताना तो पाठीशी असतो आणि परतताना समोरून. त्यामुळे बॉक्सफर्डला पोटभर खाऊन घे, शेवटच्या टप्प्यात त्याची गरज लागते. ए-१०७१ रस्ता या भागात आडवा येतो; तो फक्त ओलांडायचा, त्यावरून जायचं नाही.

दुसरा रस्ता मला तर याहूनही आवडतो. त्यात वाऱ्याचा हिशोब तुझ्या बाजूनं मांडता येतो. त्याच सडबरीच्या गाडीनं ब्यूर्सला उतर आणि स्टूर नदीच्या काठाकाठानं पूर्वेकडे ये. विसिंग्टन, नेलंड, स्टोक-बाय-नेलंड, हायम, स्ट्रॅटफर्ड सेंट मेरी, डेडम आणि शेवटी मॅनिंगट्री स्टेशन. तिथून कोल्चेस्टरला थेट गाडी. तीसेक किलोमीटर, आणि बहुतेक वेळ वारा पाठीवर. अशा फेरीत स्टेशन ते स्टेशन एकाच दिशेनं जाता येतं, म्हणून परतीचा धसका मनात राहत नाही.

हा प्रदेश तू आधीच पाहिलेला आहेस, चित्रांतून. जॉन कॉन्स्टेबल इथलाच. १७७६ साली ईस्ट बर्गोल्टला जन्मला, डेडमच्या शाळेत गेला, वडिलांची गिरणी फ्लॅटफर्डला होती. लंडनच्या नॅशनल गॅलरीत लावलेलं त्याचं ‘द हे वेन’, १८२१चं, याच नदीचं चित्र आहे. पण चित्रातलं ठिकाण पाहायचं म्हणून सायकलनं तडक फ्लॅटफर्ड गाठू नकोस. आधी विसिंग्टनच्या लहानशा चर्चमध्ये भिंतीवरची मध्ययुगीन चित्रं बघ, त्यांत एक ड्रॅगनही आहे. नेलंडच्या चर्चमध्ये वेदीवर कॉन्स्टेबलनं स्वतः रंगवलेलं चित्र आहे, तेही बघ. त्यानंतर स्टोक-बाय-नेलंडचा चढ लागतो. तिथल्या चर्चचा विटांचा उंच मनोरा बराच लांबून दिसू लागतो आणि तो दिसत राहिला की चढाचं ओझं कमी होतं. डेडमला पोहोचलीस की सायकलला कुलूप लाव आणि नदीकाठच्या पायवाटेनं फ्लॅटफर्डपर्यंत चालत जा. त्या पायवाटेवर सायकल चालवायची नाही. इथे नुसती पायवाट फक्त चालणाऱ्यांची असते. घोड्यांच्या वाटेवर सायकलला १९६८च्या कायद्यानं परवानगी दिली, पण तिथेही चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. लोक हे मनापासून पाळतात, आपणही पाळायचं.

आणि चढ अजिबात नको असतील, तर एखाद्या शांत हवेच्या दिवशी केंब्रिजजवळच्या फेन प्रदेशात जा. सगळी जमीन पाणी काढून कोरडी केलेली, अगदी सपाट. तिथलं विकन फेन हे नॅशनल ट्रस्टचं पहिलं निसर्गक्षेत्र, १८९९ पासूनचं. पण तिथे कुंपणं नाहीत, आडोसा नाही. वारा असेल तर सपाट रस्तासुद्धा घाम काढतो. डेव्हनची स्वप्नं मात्र सध्या बाजूला ठेव. तिथल्या वाटा सुंदर आहेत, पण उभ्या आहेत. कॉट्सवोल्डमध्येही पठाराच्या कडेचे चढ दमवतात. ते पुढच्या वर्षी.

मोटारींचं सांगते. तू पुण्याच्या रहदारीत सायकलवर वाढलीस आणि इथेही डावीकडूनच चालायचं असतं, म्हणजे अर्धी लढाई तू आधीच जिंकलेली आहेस. फरक एवढाच की इथे फार कडेला चिकटून चालवायचं नाही. कडेला चिकटलीस की मागच्याला वाटतं, जागा आहे, घुसू या. इथली वाहतूक नियमावली २०२२च्या जानेवारीत बदलली. तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की शांत रस्त्यावर, मंद वाहतुकीत सायकलवाल्यानं लेनच्या मध्यभागी राहावं. दोघींनी शेजारी-शेजारी चालवायलाही मोकळीक आहे. ताशी तीस मैलांपर्यंतच्या वेगानं ओलांडणाऱ्या मोटारीनं किमान दीड मीटर अंतर सोडायचं असतं, वेग जास्त असेल तर आणखी. तेव्हा मध्यभागी राहिल्याबद्दल मनात अपराधी वाटून घेऊ नकोस. मागे गाडी आली आणि रस्ता अरुंद असेल, तर पुढे जिथे रुंद जागा येईल तिथे डावीकडे थांब, त्यांना जाऊ दे. समोरचा तुझ्यासाठी थांबला तर हात वर करून आभार मान. इथे हा हात फार बोलका असतो.

वळणावर मात्र तूही वेग कमी करायचास. या अरुंद रस्त्यांवर वेगळी पाटी नसेल तर कायद्यानं ताशी साठ मैलांपर्यंत मुभा आहे. शहाणे लोक तेवढ्या वेगानं जात नाहीत, पण वळणापलीकडे कोण आहे ते आपल्याला कुठे दिसतं? ट्रॅक्टर असतो, कुत्रा असतो, कुंपणातून अचानक बाहेर पडणारा रानकोंबडा असतो. घोडा दिसला तर मागूनच मोठ्यानं ‘मॉर्निंग’ म्हण, म्हणजे आपण माणूस आहोत हे घोड्याला कळतं. मग हळू, पुरेसं अंतर ठेवून, त्याच्या उजव्या बाजूनं पुढे जा.

ऋतू बघून निघ. मे महिन्यात रस्त्याच्या दोन्ही कडा पांढऱ्या फुलांनी कमरेपर्यंत भरतात. पहिल्या फेरीसाठी यापेक्षा चांगला काळ नाही. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. ऑगस्टअखेर कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकतात, त्या तोडून खायला कुणी मनाई करत नाही. कुंपणं कापायला शेतकऱ्यांना १ मार्च ते ३१ ऑगस्ट बंदी असते, कारण आत पक्ष्यांची घरटी असतात. सप्टेंबरपासून कापणी सुरू झाली की ब्लॅकथॉर्नचे काटे रस्त्यावर पडतात, आणि ते काटे टायर भेदतात. पंक्चरचा खरा हंगाम तो. त्याच सुमारास शुगर बीटची काढणी चालू होते. ट्रॅक्टर शेतातला चिखल रस्त्यावर आणतात, तो पावसानं निसरडा होतो. तिथे ब्रेक जोरात दाबू नकोस, सायकल सरळ धर. डिसेंबरमध्ये तर चारच्या आत अंधारायला लागतं. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि मागे लाल परावर्तक कायद्यानं लागतात. मी म्हणते, दिवसाही लाव. झाडांच्या सावलीतून जाणारी सायकल त्यानंच दिसते.

हेल्मेट कायद्यानं सक्तीचं नाही, पण तू घालायचंस. हा ताईचा कायदा. टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे असू देत, बारीक टायर या खडबडीत रस्त्यांवर हाडं हलवतात. दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप आणि छोटा पान्यांचा संच कायम सीटखालच्या पिशवीत ठेव. आणि घरी बसून मागचं चाक दोनदा काढून बसवून बघ. हात काळे होतील, पण एकदा ते जमलं की आडगावातलं पंक्चर हे संकट न राहता वीस मिनिटांचं काम होतं. गुडघा किंवा दम साथ देत नसेल तर विजेवरची सायकल घ्यायलाही लाजू नकोस. ताशी साडेपंधरा मैलांपर्यंतच ती मदत करते. पायडल तुलाच मारायचं असतं.

आता बायकांचं बायकांशी. गादी लावलेली सायकलची चड्डी घे आणि तिच्या आत दुसरं काही घालू नकोस, नाहीतर शिवणी घासतात. वरून सैल कुर्ता किंवा पॅन्ट घातलीस तरी चालेल, कुणाला काय दिसेल याची काळजी मिटते. पुरुषांच्या मापाची सीट आपल्या हाडांना बसत नाही; दुकानदाराला सांग, बदलून मिळते. पाळीच्या दिवसांत जावंसं वाटलं तर जा, नाही वाटलं तर नको. दोन्हीत कमीपणा काही नाही. पाणी कमी पिऊन लघवी टाळायचा जो आपला जुना उद्योग आहे, तो इथे करायचा नाही. चहाचं दुकान, पब, बागेच्या सामानाचं मोठं दुकान इथे स्वच्छतागृह असतं. एक कप चहा घ्यायचा आणि निःसंकोच विचारायचं. गावातली चहाची दुकानं दुपारी चारच्या सुमाराला आवरायला लागतात आणि काही सोमवारी बंद असतात, म्हणून त्यांच्यावर अवलंबून निघू नकोस. खिशात खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि तिखटमिठाच्या दोन पुऱ्या ठेव. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-साखर-मीठ. भूक लागायच्या आधी खा.

कपड्यांवरून आठवलं म्हणून सांगते. १८९८ साली लेडी हार्बर्टन नावाची बाई सायकलवरून सरे परगण्यातल्या ऑकम गावी गेली. तिनं घोळदार घागऱ्याऐवजी पायजम्यासारखा पोशाख घातला होता, म्हणून हॉटेलच्या मालकिणीनं तिला कॉफीच्या खोलीत बसू दिलं नाही. सायकलवाल्यांच्या संस्थेनं खटला भरला. पुढच्या वर्षी संस्था तो हरली, पण बायका सायकलवरून उतरल्या नाहीत. आणि चाळीस वर्षांनी, १९३८ साली, बिली फ्लेमिंग नावाच्या मुलीनं वर्षभर रोज सायकल चालवून २९,६०० मैलांहून जास्त अंतर कापलं, तेही तीन गिअरच्या सायकलवर. ज्या रस्त्यांना तू भितेस, त्यांवर बायकांनी आपला हक्क असा मिळवलेला आहे. तो तुझ्यापर्यंत पोहोचलेला आहे, तू फक्त वापरायचा.

राहिली ती शेवटची भीती, जी तू बोलून दाखवली नाहीस. होय, या गावांत आपल्यासारखा चेहरा क्वचित दिसतो. लोक बघतात. पण प्रत्येक नजरेचा अर्थ लावत बसू नकोस. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे नव्या माणसाकडे बघणारच, मग तो लंडनहून आलेला का असेना. तू आधी ‘मॉर्निंग’ म्हण. बहुतेक वेळा समोरून हवापाण्याच्या दोन गोष्टी निघतात आणि पुढच्या चढाची माहितीही मिळते. दारासमोर अंडी, भाज्या, जॅमच्या बाटल्या मांडून शेजारी पैशांचा डबा ठेवलेला दिसेल. कुणी राखण करत नाही. पैसे टाक, अंडी घे. तुझ्यावर विश्वास ठेवताना त्यांनी तुझा चेहरा पाहिलेला नसतो. चर्चच्या ओवरीत बसायला कुणाची परवानगी लागत नाही. पाऊस आला तर तिथे थांब. क्वचित कुणी वाकडं बोललं, तर उत्तर देत थांबू नकोस, पुढे जा आणि मला फोन कर. त्या एका माणसासाठी सगळा परगणा सोडून द्यायचा नाही. आणि सुरुवातीला सोबत हवीच असेल, तर ब्रिटिश सायकलिंगचा ‘ब्रीझ’ हा उपक्रम आहे. २०११ पासून चालू, बायकांच्या फेऱ्या, मोफत, आणि पुढे असणारीही बाईच. दोन-चार फेऱ्या त्यांच्याबरोबर केल्यास की हात बाजूला करून वळण दाखवण्यापासून ते गटात कसं चालवायचं इथपर्यंत सगळं अंगवळणी पडेल.

मी एवढं का सांगते आहे, ते आता सरळच सांगते. या देशात येऊन राहणाऱ्या आपल्या कितीतरी बायकांचा देश म्हणजे कामाची जागा, सुपरमार्केट, मुलांची शाळा आणि दिवाळीचा हॉल. त्यापलीकडचं इंग्लंड त्यांना मोटारीच्या काचेतून दिसतं. तुझं तसं होऊ नये. हॉस्पिटलच्या पाळ्या करून तू थकतेस, मला माहीत आहे, आणि थकलेल्या माणसाला घरी झोपावंसं वाटतं. पण चार तास एखाद्या पिवळ्या रस्त्यानं फिरून आलेल्या माणसाला लागते ती झोप वेगळीच असते. शिवाय ज्या मुलखात आपण कर भरतो, आजारी माणसांची सेवा करतो, तिथल्या वाटा पायांना ठाऊक असाव्यात. मग तो देश परका वाटत नाही.

पुढचा शनिवार तुझा मोकळा आहे ना? शनिवारच बरा. रविवारी रुळांची कामं निघाली तर गाडीऐवजी बस सोडतात आणि तिच्यात घडी न होणारी सायकल बहुतेक घेत नाहीत. गर्दीच्या वेळच्या लंडनच्या गाड्यांतही सायकल सहसा चालत नाही, पण तुला त्यांची गरजच नाही. हवा कशी आहे ते शुक्रवारी रात्री बघ, टायर दाबून बघ, गावांची चिठ्ठी लिहून ठेव. पहिली फेरी सडबरी ते लॅव्हनम आणि परत, एवढीच. मी येईन बरोबर, पण मागे राहीन. रस्ता तू निवडायचास. त्यापुढची फेरी, ब्यूर्सहून मॅनिंगट्रीची, मात्र तू एकटी करायचीस.